घरोघरची हस्तकला : गावाने पाहावी, गावाने नोंदवावी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात हसनाबाद हे गाव आहे. शेती हाच येथील जीवनाचा मुख्य आधार. अशा गावात कलादालन नसते, चित्रप्रदर्शने भरत नाहीत, आणि "आमच्या गावात कलावंत किती?" असा प्रश्न ग्रामपंचायतीत कोणी विचारत नाही. तरीही सणवार आणि ऋतू यांच्या क्रमाने या परिसरातील घराघरांत वर्षभर काही ना काही घडत असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुले काळ्या मातीचे बैल करतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांची आरास उभी राहते. दिवाळीत कामट्यांना रंगीत कागद चिकटवून आकाशकंदील तयार होतो. ज्वारीची काढणी झाली की धांड्यांच्या चोया आणि गाभा यांपासून मुलांच्या बैलगाड्या जन्म घेतात. लग्नसराईत रुखवत मांडले जाते, आणि उन्हाळ्यात शेतीची कामे थोडी विसावली की अंगणात गोधड्या पसरल्या जातात.

यांपैकी बहुतेक वस्तू विकण्यासाठी केलेल्या नसतात. त्या गरजेपोटी, श्रद्धेपोटी किंवा निव्वळ हौसेपोटी केलेल्या असतात. म्हणूनच त्यांची नोंद कोठे होत नाही. त्या वापरल्या जातात, जुन्या होतात आणि नाहीशा होतात. वस्तू जाणे हे स्वाभाविकच आहे. परंतु वस्तूबरोबर ती करण्याची रीत आणि करणाऱ्या व्यक्तीचे नावही जाते, ही हानी गावाने विचारात घेण्यासारखी आहे.

पाहण्यातून होणारे शिक्षण

आपल्याकडे घरातील कला इतरांना दाखवण्याच्या रूढ पद्धती पूर्वीपासून आहेत. रुखवत हे त्यांतील ठळक उदाहरण होय. लग्नाच्या मांडवात वधूपक्षाकडून सुपारीच्या बाहुल्या, मण्यांची तोरणे, क्रोशाने विणलेले रुमाल, रंगीत कुरडया आणि शेवयांचे प्रकार, कापडी चिमण्यांचा पाळण्यावरचा खेळणा अशा वस्तू मांडल्या जातात. त्यांभोवती जमलेल्या स्त्रिया केवळ कौतुक करीत नाहीत. वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहतात, टाका कसा घातला हे न्याहाळतात आणि "हे कोणी केले?" अशी चौकशी करतात. पुढच्या वर्षी तोच नमुना थोड्या फरकाने दुसऱ्या घरी दिसतो. महालक्ष्म्यांच्या आराशीचेही तसेच आहे. घरोघर दर्शनाला जाणाऱ्या स्त्रिया आणि मुली अनेक आराशी पाहतात आणि त्यांतून शिकतात. पाठ्यपुस्तक आणि शिक्षक नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या हे शिक्षण चालत आले.

या पद्धतीला मात्र दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा काळाने आणली. रुखवताचे तयार संच आता बाजारात मिळतात, साच्यातील रंगवलेले बैल पोळ्याच्या बाजारात येतात, आणि गोधडीची जागा कारखान्यातील चादरींनी व ब्लँकेटांनी घेतली आहे. त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. शेतमजुरीला जाणाऱ्या स्त्रीला तयार वस्तूने वेळ वाचवला, तर तो तिला हवाच असतो. पण घरात वस्तू करणे थांबले की पाहून शिकणेही थांबते.

दुसरी मर्यादा जुनी आहे. रुखवत एका मांडवापुरते असते आणि हळदीकुंकू सवाशिणींपुरते. गावात सर्वांत सुबक टाका घालणारी वृद्धा विधवा असेल, तर सणासमारंभाच्या आराशीत तिचा हात मागे ठेवला जातो. एका वस्तीतील कौशल्य दुसऱ्या वस्तीला ठाऊक नसते. लमाण तांड्यावर काचा आणि कवड्या जडवून केलेले भरतकाम गावातील मुलींनी जवळून पाहिलेले नसते. गावातील मुस्लिम घरांतील विणकाम आणि मेंदीचे नमुने त्या घरांपुरतेच राहतात. सर्वांनी आपापले काम आणावे आणि सर्वांनी पाहावे, अशी जागा गावाकडे नाही. ती जागा शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून देणे शक्य आहे.

भोगवर्धनाचा धडा

हसनाबादच्या रहिवाशांना या विषयातील एक मोठा धडा स्वतःच्या तालुक्यातच सापडतो. आजचे भोकरदन हे सातवाहनकाळी भोगवर्धन या नावाने ओळखले जाणारे समृद्ध नगर होते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी तेथे उत्खनन केले. त्यात मणी, मातीच्या मूर्ती यांसारख्या वस्तूंबरोबर हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंडित भागही मिळाला. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या मूर्तीचे तिच्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

याच भोगवर्धनाचे नाव मध्य प्रदेशातील सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या शिलालेखांतही येते. स्तूपासाठी दान देणाऱ्या व्यक्तींनी दगडावर स्वतःचे नाव आणि गाव कोरून ठेवले. सांचीच्या या दानलेखांत स्त्रियांची नावे मोठ्या संख्येने आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर, येथील नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले, असा स्पष्ट लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या देशात देणाऱ्याचे आणि घडवणाऱ्याचे नाव लिहिण्याची प्रथा होती आणि तिच्यात आपल्या तालुक्यातील माणसे सामील होती.

आता याच तालुक्यात, मागील उन्हाळ्यात शिवलेल्या एखाद्या गोधडीचा विचार करावा. ती कोणी शिवली हे आज घरातल्यांना ठाऊक असते. तिच्या नातवंडांनाही बहुधा ठाऊक असेल. त्यानंतर ते कोणालाही सांगता येणार नाही.

नाव नोंदले नाही तर काय होते

घरातील कला गावाबाहेर पोहोचल्याची दोन उदाहरणे सर्वपरिचित आहेत आणि त्या दोहोंशी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचा संबंध आहे. १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला असता, अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने ते मिथिला प्रदेशात गेले. घराच्या भिंतींवर विवाहप्रसंगी चित्रे काढणाऱ्या तेथील स्त्रियांना कागद देण्यात आला. भिंतीवरील चित्र कागदावर आले आणि स्त्रियांच्या हाती उत्पन्नाचे साधन आले. त्यांच्यातील जगदंबा देवी यांना १९७५ साली पद्मश्री मिळाली. या स्त्रिया स्वतः चित्रे काढीत होत्या आणि त्यांच्याच नावाने ती बाहेर गेली.

महाराष्ट्रातील वारली चित्रकलेची वाटचाल थोडी निराळी झाली. डहाणू परिसरातील वारली समाजात लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही कला कागदावर आली. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर मान मिळवून दिला. २०११ साली ते पद्मश्री झाले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या असंख्य सवाशिणींपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणाला सांगता येतील. लग्न आटोपले, भिंत पुन्हा सारवली गेली आणि चित्राबरोबर नावही पुसले गेले.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कला बाहेर जाईल तेव्हा जाईल. तिची ओळख मात्र गावातच, गावाच्या लोकांनी, नावानिशी करून ठेवली पाहिजे. नंतर कोणी मोठा जाणकार आला तरी, जे लिहून ठेवलेले नाही ते त्याला शोधून काढता येत नाही.

शाळेची भूमिका

हाताने काम करीत शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे सुरू केलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात महागड्या साधनांऐवजी खडे, शंखशिंपले, बिया, पाने यांचा उपयोग केला गेला. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे अशा किरकोळ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवली आणि ती बनवण्याच्या कृती सर्वांना मोफत खुल्या केल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळात सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडून शिकण्याची सूचना केली आहे.

ग्रामीण शाळेला हे जाणकार दूर शोधावे लागत नाहीत. पोळ्याचा मातीचा बैल हेच उदाहरण घ्यावे. आपल्या भागातील काळी माती भिजल्यावर फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे नुसत्या काळ्या मातीच्या बैलाला भेगा पडतात, त्याचे शिंग किंवा पाय निखळतो. जुन्या जाणत्या व्यक्ती मातीत राख किंवा शेण मिसळतात आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत हळूहळू वाळवतात. असे का करावे, याचे उत्तर शोधताना मृदाविज्ञानाचा एक पाठ सहज पुरा होतो. बैल करणारी आजी वर्गात येऊन बसली आणि मुलांनी तिच्यासमोर माती मळली, तर हा पाठ मुले विसरणार नाहीत.

गोधडीतही असेच ज्ञान दडलेले आहे. खालचे कापड अंगणात सुरकुती न ठेवता पसरायचे, त्यावर जुन्या सुती लुगड्यांचे आणि धोतरांचे थर द्यायचे, वरचे कापड घालून कडा दुमडायच्या आणि थर हलू नयेत म्हणून लांब टाक्यांनी टाचून घ्यायचे. मग कडेपासून आत धावदोऱ्याच्या रांगा घालत मध्यापर्यंत यायचे. पुष्कळदा दोघी-चौघी चार बाजूंना बसून हे काम करतात. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड टाका धरून ठेवते. कृत्रिम धाग्याची साडी सुळसुळीत असल्याने थर सरकतात. कोणत्या रंगाशेजारी कोणते ठिगळ लावायचे, हे ठरवताना भूमिती आणि रंगसंगती या दोहोंचा विचार करावा लागतो. शिवणाऱ्या बाईने ही नावे ऐकलेली नसली तरी तिच्या हातांना त्यांचा अर्थ ठाऊक असतो.

गावाचा हस्तकला दिवस

हसनाबादसारख्या गावात वर्षातून एक दिवस घरोघरच्या हस्तकलेसाठी राखून ठेवता येईल. सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिन, ३ जानेवारी, हा त्यास योग्य दिवस आहे. तोपर्यंत महालक्ष्म्या आणि दिवाळी होऊन गेलेली असते, वस्तू अद्याप घरी असतात आणि हवा कोरडी असते. शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह जागेसाठी पुरेसे आहे. खर्च फार नाही. सुतळी, कापड, टाचण्या, पुठ्ठे आणि एक जाड नोंदवही एवढ्यावर भागते.

मांडणी करताना काही गोष्टी पाळाव्यात. गोधड्या दोरीवर घडी घालून न टांगता आडव्या बांबूवर पूर्ण उघडून पसराव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंचे टाके पाहता येतील. रंगीत कापड आणि कागदावरील चित्रे कडक उन्हात ठेवू नयेत, कारण रंग उडतात. मुलांची चित्रे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत करणाऱ्याचे नाव, साहित्य आणि ती कोणाकडून शिकली, एवढे लिहावे. नाव लिहिताना "अमुक यांची पत्नी" किंवा "अमुक यांची आई" असे न लिहिता त्या स्त्रीचे स्वतःचे नाव लिहावे. हे छोटे वाटले तरी त्याचे महत्त्व मोठे आहे.

काही चुका टाळणेही तितकेच आवश्यक आहे. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक शक्यतो देऊ नयेत. क्रमांक आले की पालक मुलाचे काम स्वतः पुरे करतात, आणि ज्यांना बक्षीस मिळत नाही ते पुढच्या वर्षी येत नाहीत. त्याऐवजी दिवसभरात तीन-चार जणांनी प्रत्यक्ष करून दाखवावे आणि पाहणाऱ्यांनीही हात लावून पाहावा. कोणाची वस्तू संमतीशिवाय बाहेर पाठवू नये, आणि कोणाचे छायाचित्र न विचारता घेऊ नये. पाहुण्यांची भाषणे आटोपशीर ठेवावीत, कारण लोक वस्तू पाहण्यासाठी आलेले असतात.

निमंत्रण घरोघर आणि वस्तीवस्तीत जाऊन द्यावे. विधवा भगिनींना ते आवर्जून द्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावाचा अर्थ गावाला रोजच्या व्यवहारात दिसला पाहिजे. ज्या आजीला आराशीपासून दूर ठेवले गेले, तिच्या हातची गोधडी सर्वांसमोर तिच्या नावानिशी पसरली गेली, तर तो अर्थ कोणाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

नोंदवही आणि बाजार

या दिवसाचे टिकाऊ फळ म्हणजे गावाची कलानोंदवही. तिच्यात पाच रकाने असावेत : करणाऱ्याचे नाव, वस्तू, साहित्य व कृती, कोणाकडून शिकले, आणि कोणाला शिकवले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा समजावा. एखाद्या वृद्धेच्या नावापुढे तो रिकामा असेल, तर तिचे कौशल्य तिच्याबरोबर संपणार आहे, ही सूचना गावाला वेळीच मिळते. तशी सूचना मिळाली की शाळेच्या दप्तराविना दिवसांपैकी एक दिवस तिच्या अंगणात घालवता येईल. ही नोंदवही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी भरावी आणि ती शाळेत जपून ठेवावी. वर्षातून एकदा तिचे वाचन महिला सभेत व्हावे.

विक्रीचा प्रश्न यानंतर येतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून स्त्रियांच्या आर्थिक सबलीकरणाचे काम करीत आहे. बचत गटांच्या वस्तूंसाठी मुंबईत महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात. ज्यांना आपली वस्तू विकायची आहे त्यांनी या मार्गाने जावे आणि किंमत ठरवताना कापडाबरोबर आपल्या श्रमाचे दिवसही हिशेबात धरावेत. जुन्या कापडाची आहे म्हणून गोधडी स्वस्त, हा समज चुकीचा आहे. तिच्यातील खरे भांडवल शिवणाऱ्याचा वेळ हेच असते. मात्र प्रत्येक हौसेला धंद्याचे रूप देण्याचा आग्रह नसावा. नातवाच्या पाळण्यावर खेळणा बांधणाऱ्या आजीला ग्राहक नको असतो. तिला तो करायला शिकणारे कोणी मिळाले, तर ते तिला पुरेसे असते.

संग्रहालयांकडे पाहिले तरी हेच लक्षात येते. डॉ. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी आयुष्यभर घरगुती वापरातील दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या वस्तू आज सुरक्षित आहेत आणि पाहणारा थक्क होतो. एक ध्येयवेडा माणूस एवढे करू शकला. पण घडवणाऱ्या अनामिक हातांची नावे त्यालाही मिळवता येणे शक्य नव्हते. ते काम ज्या त्या काळी, ज्या त्या गावातच होऊ शकते.

शासनाच्या आदेशाची किंवा स्वतंत्र अनुदानाची वाट पाहावी, असे यात काही नाही. एक मुख्याध्यापक, दोन शिक्षिका, ग्रामपंचायतीतील महिला सदस्य आणि बचत गटाच्या चारजणी एकत्र बसल्या तर पुढच्या ३ जानेवारीची तयारी आजच सुरू करता येईल. पहिल्या वर्षी दहा गोधड्या, पाच-पंचवीस चित्रे आणि मातीचे काही बैल आले तरी ती चांगली सुरुवात समजावी. भोगवर्धनाच्या माणसांनी आपली नावे दगडावर कोरून घेतली. आपल्याला नोंदवहीच्या पानावर शाईने लिहायची आहेत, आणि ती सांगू शकणारी माणसे अजून गावात आहेत.